वाढत्या घरगुती संग्रहासाठी फोर-बे नॅस: सिनॉलॉजी डीएस९२३+ आणि त्यातल्या डिस्क

निकाल आधीच सांगते. ज्यांच्या घरात फोटो, व्हिडिओ किंवा ध्वनिमुद्रणं वर्षागणिक वाढतायत आणि पाच वर्षांनी किती होतील याचा अंदाज बांधता येत नाही, त्यांनी चार हार्ड डिस्क बसतील असा (फोर-बे) नॅस, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, घ्यावा आणि सुरुवातीला त्यात दोनच डिस्क घालाव्यात. दुकानात गेल्यावर किती टीबी (टेराबाइट) हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. उद्या वेगळ्या आकाराची तिसरी डिस्क घातली तर ती पूर्ण कामाला येईल का? आणि हा डबाच बंद पडला तर डिस्कमधलं सामान दुसऱ्या यंत्रावर वाचता येईल का? माझ्याकडे सिनॉलॉजीचा डीएस९२३+ आहे. दुसऱ्या प्रश्नाचं त्याचं उत्तर ‘हो’ आहे, पहिल्याचं ‘हो, पण थोडं थांबून’. मी समाधानी आहे. उणिवा आहेत, त्याही लिहिते.

माझं सामान काय आहे ते कळलं तर माझी निवड तुम्हाला कितपत लागू पडते हे ठरवता येईल. सासऱ्यांचा सांगलीत गावभागात फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळांची गॅदरिंग यांच्या मिनी-डीव्ही कॅसेटचे खोके भरलेले आहेत. शिवाय सांगली-मिरजेतल्या घरगुती मैफलींच्या ऑडिओ कॅसेट आहेत. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेला जाणारे सासऱ्यांचे मित्र, त्यांनी आपल्या हातांनी भरलेल्या या कॅसेट. त्यातली काही गाणी दुसऱ्या कुणाकडे असतील असं मला वाटत नाही. हे सगळं मी संगणकावर उतरवते आहे. त्यात माझी स्वतःची फोटोग्राफी चालूच आहे.

हिशोब असा. मिनी-डीव्हीचा एक तास म्हणजे साधारण १३ जीबी, म्हणजे एका टीबीत पंचाहत्तरच्या आसपास कॅसेट. ऑडिओ कॅसेट मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवते, तिचा तासाला सुमारे २ जीबी हिशोब पडतो. कॅमेऱ्याची एक रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल २५-३० एमबी. कॅसेट मोजता येतात, पण लोक आता ओळखीपाळखीतून आपापल्या कॅसेट आणून देतात, त्या मोजता येत नाहीत. म्हणून ‘आठ टीबी घेतले, झालं’ असं माझ्या बाबतीत होणार नव्हतं.

पहिला पर्याय सगळ्यांच्या घरी असतो तो: एकामागून एक एक्स्टर्नल डिस्क. दोन-तीन टीबीपर्यंत सामान असेल तर मी आजही हाच सल्ला देईन. दोन सारख्या डिस्क घ्या, दोन्हींवर तेच ठेवा, एक घराबाहेर ठेवा. नॅसवर पैसे घालू नका. पण डिस्क पाच-सहा झाल्या की कुठल्या लग्नाची कॅसेट कुठल्या डिस्कवर हे वहीत लिहून ठेवावं लागतं आणि प्रत्येकीची जोडीदार डिस्क वेगळी सांभाळावी लागते.

दुसरा पर्याय यूएसबीने थेट संगणकाला जोडायचा फोर-बे डबा, ज्याला दुकानदार डास म्हणतात. स्वस्त पडतो, आणि एकाच संगणकावर बसून काम करणाऱ्याला वेगही चांगला मिळतो. क्यूनॅपचा टीआर-००४ या प्रकारातला माहितीतला डबा: चार बे, यूएसबी टाइप-सी, आणि रेडचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून त्यांवर सामान ठेवायच्या रीतीचा, प्रकार ठरवायला मागच्या बाजूला बारीक स्विच. अशा हार्डवेअर रेडच्या डब्यांत एक गोष्ट घेण्याआधीच समजून घ्यायला हवी. रेडचा प्रकार बदलला की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. म्हणजे ‘आज दोन डिस्क, पुढच्या वर्षी चार’ असं करायचं तर आधी सगळं सामान दुसरीकडे हलवायला जागा हवी. एवढी मोकळी जागा असती तर डबा कशाला घेतला असता? मी आधी एका कंपनीचा असाच डबा काही महिने वापरला. संगणक झोपला की डबा तुटायचा आणि जागा झाल्यावर कधी दिसायचा, कधी नाही. कॅसेट उतरत असताना हे परवडत नाही, कारण मिनी-डीव्ही तासाला तास अशीच उतरते आणि जुनी फीत पुन्हा पुन्हा फिरवणं तिच्या जिवावर बेततं.

तिसरा पर्याय भाच्याने सुचवला: जुन्या संगणकात ट्रूनॅस, म्हणजे संगणकाचाच नॅस करणारं सॉफ्टवेअर, टाकायचं. ज्याला यात गोडी आहे त्याने जरूर करावं. त्यातली झेडएफएस ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फार भक्कम आहे. पूर्वी तिच्यातल्या रेडमध्ये एकेक डिस्क वाढवत नेता येत नसे, ती सोयही आता आली आहे, ओपनझेडएफएस २.३ मध्ये, जानेवारी २०२५ ला. पण दर अपडेटला स्वतः बसावं लागतं, आणि भाचा बेंगळुरूला असतो. घरातल्या कुणालाही पडद्यावर बघून चालवता येईल असं मला हवं होतं.

उरला तयार नॅस. इथे ड्रोबोची हकीकत माहीत असावी असं मला मनापासून वाटतं, कारण ‘वाढवता येणारी साठवण’ ही कल्पना घराघरांत नेण्यात त्या कंपनीचा मोठा वाटा होता. २००७ मध्ये त्यांचा पहिला डबा आला. कुठल्याही आकाराची डिस्क खणात ढकला, हिरवा दिवा लागला की झालं, इतकं सोपं. फोटोग्राफर मंडळींनी डोक्यावर घेतला. पण आत सामान मांडायची रीत त्यांची स्वतःची होती, बियॉन्डरेड नावाची. त्या डिस्क काढून साध्या संगणकाला लावल्या तर वाचता येत नाहीत, वाचायला पुन्हा ड्रोबोच लागतो. ड्रोबोची मालक कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०२३ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला. ज्यांचे डबे तेव्हा चालू होते ते चालतच राहिले, पण डबा बिघडला तर जुन्या बाजारात दुसरा ड्रोबो शोधायचा, एवढीच वाट उरली. माझा दुसरा प्रश्न इथून आला.

सिनॉलॉजीची स्वतःची रीत आहे, एसएचआर नावाची, पण ती लिनक्समधल्या सर्वांना खुल्या असलेल्या अवजारांवर उभी आहे: खाली एमडीएडीएम, वर एलव्हीएम. डबा जळाला तर डिस्क काढून, उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेल्या संगणकाला लावून वाचता येतात, आणि ते कसं करायचं हे कंपनीने स्वतःच लिहून ठेवलं आहे. ही वाट वापरायची वेळ येऊ नये. पण ती आहे, एवढ्यावर मी पैसे मोजले.

आता वाढवण्याबद्दल, कारण खरा कस इथेच लागतो. साध्या रेड-५ मध्ये (एक डिस्क गेली तरी सामान वाचेल अशा रीतीत) वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क घातल्या तर सगळ्यात लहान डिस्कएवढीच जागा प्रत्येकीतून वापरली जाते. चार वेगवेगळ्या उंचीच्या बरण्या शेजारी ठेवून सगळ्यात बुटकीच्या गळ्यापर्यंतच भराव्यात, तसं. एसएचआर उंच बरण्यांचा वरचा भागही वापरतं, फक्त तेवढी उंची असलेल्या निदान दोन तरी लागतात. माझ्याकडे सुरुवातीला ४ टीबीच्या दोन डिस्क होत्या. वापरायला मिळाले ४ टीबी, कारण एक डिस्क दुसरीची नक्कल ठेवते. मग ८ टीबीची तिसरी घातली. वापरायची जागा ८ टीबी झाली. नव्या डिस्कचे वरचे ४ टीबी तेव्हा नुसते पडून होते. चौथी ८ टीबीची घातल्यावर तेही कामाला लागले आणि जागा एकदम १६ टीबी झाली. त्याच चार डिस्क साध्या रेड-५ मध्ये असत्या तर १२ टीबीच मिळाले असते. ढोबळ नियम असा की सगळ्या डिस्कची बेरीज करा, त्यातून सगळ्यात मोठी एक वजा करा. पडद्यावर १६ ऐवजी साडेचौदाच्या आसपास दिसतात. कंपन्या टीबी हजाराच्या पटीत मोजतात आणि यंत्र १०२४ च्या, म्हणून. त्यात कुणी फसवलेलं नाही.

डिस्क वाढवताना नॅस बंद करावा लागत नाही. खण ओढायचा, डिस्क बसवायची (साडेतीन इंची डिस्कला स्क्रूही लागत नाही, बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या दाबायच्या), खण आत ढकलायचा आणि ब्राउझरमध्ये ‘स्टोरेज मॅनेजर’ उघडून दोन-तीन वेळा पुढे जायचं. मग तो स्वतःच सामान नव्याने मांडत बसतो. याला वेळ लागतो, रात्र जाते आणि दुसरा दिवसही जातो. तेवढ्यात फाइली उघडता येतात, पण मी त्या काळात कॅसेट उतरवत नाही.

या कामासाठी यूपीएस हवाच. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि मांडामांड चालू असताना वीज गेलेली मला नको. यूपीएस घेताना त्याला यूएसबी पोर्ट आहे ना बघा, फक्त बॅटरी असून भागत नाही. ती वायर नॅसला जोडली की वीज गेल्याचं नॅसला कळतं आणि बॅटरी संपण्याआधी तो सगळं नीट मिटवून थांबतो. डब्यावर पंचावन्न-साठ हजार आणि डिस्कवर त्याच्या आसपास खर्च करून यूपीएसवर हात आखडू नये.

डिस्क कुठल्या घ्यायच्या? माझ्या चारही सीगेटच्या आयर्नवुल्फ आहेत. कारण सांगते. हार्ड डिस्कमध्ये लिहिण्याच्या दोन रीती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहितात, त्यामुळे जागा जास्त मिळते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात जाणवणार नाही. पण डिस्क बदलून रेड पुन्हा उभा करताना न थांबता टेराबाइटच्या टेराबाइट लिहायचे असतात, आणि तिथे एसएमआर डिस्क फार मागे पडते. २०२० मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या, डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या ‘रेड’ या नावाच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, आणि मग कंपनीने सीएमआरवाल्या डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. आयर्नवुल्फ सगळ्या सीएमआर आहेत. रेड प्लस घेतली तरी हरकत नाही, दोन्हींना तीन वर्षांची वॉरंटी आहे. नुसतं ‘डेस्कटॉप’ लिहिलेल्या स्वस्त डिस्क मात्र मॉडेल क्रमांक तपासल्याशिवाय नॅसमध्ये घालू नका.

चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेऊ नयेत असं मी सांगते. एका खोक्यातल्या, एका तारखेच्या डिस्क सारख्याच वयाच्या असतात, आणि एक गेल्यावर बाकीच्यांवर ताण येतो तो नेमका त्याच वेळी. माझ्या दोन सांगलीतल्या दुकानातून आल्या, दोन पुण्यात तपकीर गल्लीतून आणवल्या, मध्ये बराच काळ गेला. सीलबंद खोक्यातली डिस्क घ्या आणि दुकानातच तिचा सिरीयल क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून वॉरंटी दिसते का पाहा. पातळ पिशवीतून येणाऱ्या स्वस्त डिस्क बऱ्याचदा कंपनीने संगणक उत्पादकांना दिलेल्या असतात, त्यांची वॉरंटी आपल्याला मिळत नाही. घरी आल्यावर लगेच सामान भरू नका. नॅसमध्येच ‘स्मार्ट’ची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, विस्तृत तपासणी आहे, ती लावून द्या. ८ टीबीला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त लागतं, पण बदलून घ्यायची मुदत असताना दोष कळलेला बरा.

डब्याच्या उणिवा. पहिली, नेटवर्क. दोन पोर्ट आहेत, दोन्ही एक गिगाबिटचे. २०२२ च्या शेवटी आलेल्या यंत्रात निदान अडीच गिगाबिट द्यायला हवं होतं. वायरने जोडल्यावर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. एक तासाची मिनी-डीव्ही दोन मिनिटांत जाते. मला पुरतं. मी कॅसेट आधी संगणकाच्या एसएसडीवर उतरवते आणि मग नॅसवर टाकते. पण फोर-के व्हिडिओचं एडिटिंग थेट नॅसवरून करायचं असेल तर दहा गिगाबिटचं कार्ड वेगळं घ्यावं लागेल. वाय-फायवरून मोठ्या फाइली हलवायच्या भानगडीत पडू नका.

दुसरी, यातल्या रायझन आर१६०० प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. त्याच्या आधीच्या डीएस९२०+ मध्ये इंटेलचा सेलेरॉन होता, तो व्हिडिओ टीव्हीला चालेल अशा रूपात बदलून द्यायचं काम हार्डवेअरने करायचा. हा तसं करत नाही. घरातली सगळी मंडळी नॅसवरून टीव्हीवर सिनेमे बघणार असतील तर हा तुमचा डबा नव्हे. मी मूळ डीव्ही फाइल तशीच ठेवते आणि शेजारी एक एमपी४ प्रत करून ठेवते. टीव्ही ती बिनतक्रार वाजवतो आणि नॅसला कष्ट पडत नाहीत.

तिसरी बाब या मॉडेलपेक्षा कंपनीची आहे आणि ती मला खटकली. २०२५ च्या प्लस मॉडेलांत, म्हणजे डीएस९२५+ वगैरेंत, सिनॉलॉजीने स्वतःच्या किंवा स्वतः मान्य केलेल्या डिस्कचंच बंधन घातलं. वाढवत नेण्याच्या सोयीवर ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्या मुळावर येणारा निर्णय होता तो. लोकांनी आवाज उठवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये डीएसएम ७.३ (नॅस चालवणारी त्यांची प्रणाली) बरोबर साध्या हार्ड डिस्कसाठी हे बंधन सैल झालं. बरं झालं. तरीही नवीन मॉडेल घेणाऱ्याने डिस्क आणि डबा एकत्र चालतात का हे पैसे देण्याआधी कंपनीच्या यादीत बघावं.

आवडलेल्या गोष्टींत सगळ्यात वर स्नॅपशॉट. बीटीआरएफएस फाइल सिस्टीम ठेवली तर ठरलेल्या वेळी सगळ्या सामानाची अवस्था टिपून ठेवता येते आणि त्याला जागाही फार लागत नाही. सासूबाईंकडून फोटो चाळताना एक आख्खा फोल्डर उडाला होता. आदल्या रात्रीच्या स्नॅपशॉटमधून तो काही क्षणांत परत आला. त्यांच्या चेहऱ्यावरचं दडपण गेलेलं बघून मला या डब्याचे पैसे वसूल झाले असं वाटलं. बाहेरगावाहून फाइली बघायची सोयही आहे, मात्र ती चालू करण्याआधी दोन टप्प्यांची ओळखपडताळणी लावा आणि राउटरमध्ये पोर्ट उघडे सोडू नका.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे सगळे म्हणतात. सांगलीकराला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५ असताना. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. स्टुडिओतल्या कॅसेट वेळेत माडीवर चढवल्या म्हणून राहिल्या, पण गल्लीतल्या किती घरांचे अल्बम लगद्यासारखे झाले ते आम्ही पाहिलं. चार डिस्कचा नॅस पाण्यात गेला तर चारही डिस्क एकदमच जातात. म्हणून नॅसमधल्या हायपर बॅकअप या सॉफ्टवेअरने माझ्या सामानाची एक प्रत मोठ्या एक्स्टर्नल डिस्कवर जाते आणि ती डिस्क विट्याला बहिणीकडे असते. तिथे प्यायला पाणी मिळवायची मारामार, पूर कुठला यायला. अशा दोन डिस्क आहेत, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. सणावाराला भेट झाली की अदलाबदल होते. मैफलींची ध्वनिमुद्रणं तेवढी क्लाउडवरही ठेवली आहेत, कारण ती आकाराने लहान आणि मोलाने सगळ्यात मोठी. सगळंच क्लाउडवर ठेवायचं तर दर महिन्याचं भाडं डोईजड होतं.

विजेचं म्हणाल तर चालू असताना ३५ वॉटच्या आसपास, म्हणजे दिवसरात्र चालवला तर महिन्याला साधारण २५ युनिट. पंखे शांत आहेत. ८ टीबीच्या डिस्क ७२०० फेऱ्यांच्या असल्याने त्यांची कुरकुर मात्र ऐकू येते. कॅसेट ऐकून साफ करायच्या खोलीत मला तो आवाज नको होता, म्हणून नॅस राउटरजवळ, जिन्यातल्या उंच फळीवर ठेवला आहे. हवा खेळती राहील एवढी जागा चारही बाजूंनी सोडा, आणि जाळीवरची धूळ अधूनमधून झाडा.

चार खण भरले की काय, असं मला विचारतात. याला डीएक्स५१७ नावाचा पाच डिस्कचा जोडडबा लागतो. मी तो घेणार नाही. त्याची किंमत ऐकली की त्यापेक्षा मोठ्या डिस्क घेणं शहाणपणाचं वाटतं. शिवाय एकच साठा दोन डब्यांत पसरायचा आणि मधली एक वायर निसटली की अर्ध्या डिस्क गायब, हे मला मान्य नाही. घ्यायचाच असेल तर त्यातला साठा वेगळा ठेवा. माझा पुढचा बेत ४ टीबीच्या दोन डिस्कच्या जागी ८ च्या घालायचा आहे. पहिली बदलली की जागा १६ ची २० होईल, दुसरी बदलली की २४. एका वेळी एकच काढायची, नॅसने ‘निरोगी’ दाखवल्यावरच दुसरीला हात लावायचा. निघालेल्या ४ च्या दोन डिस्क अजून धडधाकट असतील, त्या बहिणीच्या नातवंडांच्या फोटोंसाठी विट्याला जातील.